रामटेके सरांचा पुतळा

जिवंतपणी स्वतःचा पुतळा पाहण्याचा योग फार थोड्यांच्या नशिबी असतो. ज्यांच्या असतो, त्यांना निदान आधी विचारतात तरी. रत्नपाल रामटेके सरांना कोणीही विचारलं नाही.

सर बेहडाटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेवर होते. सौंदडच्या पुढे जंगलाला लागून असलेलं हे गाव, आणि गावाच्या टोकाला चौथीपर्यंतची शाळा. राहायला ते सडक अर्जुनीत. बायको रचना बेहडाटोल्याच्याच उपकेंद्रात नर्स, त्यामुळे दोघं एकाच मोटारसायकलवर जात. हायवेवर ट्रकांची रांग, म्हणून सरांच्या डोक्यावर लाल हेल्मेट. मागे बसलेल्या रचनाबाई वाटभर काहीतरी सांगत, आणि हेल्मेटमुळे सरांना ते ऐकू येत नसे. त्यांचा संसार सुखाचा होता.

त्या सुखाला पहिली ठेच लागली ती गोंदियाच्या प्रशिक्षणानं. विषय होता 'रचना व तंत्रज्ञान'. मुलांनी आजूबाजूची एखादी अडचण शोधायची, ज्याची अडचण आहे त्याच्याशी बोलायचं, आराखडा काढायचा, वस्तू बनवायची आणि ती चालते का ते तपासायचं. प्रशिक्षण देणारे गृहस्थ गोंदियाचेच, त्यामुळे निम्मं हिंदीत सांगत होते. "बच्चों को उत्तर मत दो, समस्या दो!" हे वाक्य सरांना इतकं पटलं की घरी आल्या आल्या त्यांनी ते बायकोला ऐकवलं.

"माझ्या नावाचा विषय शिकवणार म्हणता," रचनाबाई म्हणाल्या, "अन् मोरीतला नळ पोळ्यापासून गळून राहिला. त्याचं तंत्रज्ञान कोण करन?"

शेजारी देवचंद कापगते राहत. ते निवृत्त तलाठी होते. नोकरी संपली, पण सल्ला देण्याचा अधिकार त्यांनी शासनाकडे परत केला नव्हता. कुंपणावरून वाकून ते म्हणाले, "हे पाहा सर, आइस्क्रीमच्या काड्या आणा. पेन ठेवाचा डबा बनवा. फोटो काढा, ग्रुपवर टाका, झालं. समस्या शोधाले कायले जाता? तिले आपला पत्ता माहीत असते."

पण सर तत्त्वाचे. तत्त्वाच्या माणसाला शेजाऱ्याचं ऐकू येत नाही, त्याला हेल्मेटही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात सरांनी फळ्यावर पाच पायऱ्या लिहिल्या आणि विचारलं, "तर मुलांनो, आपल्या शाळेत कोणाला कसली अडचण आहे?"

सर वर्गात पुस्तकातलं मराठी बोलत. धक्का बसला की मात्र त्यांची भाषा सरळ आपल्या गावी निघून जायची. या गोष्टीत ती बरेचदा गेली.

डिंपल उभी राहिली. ही चौथीतली मुलगी. प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळेपर्यंत खाली न बसणारी. "शांतीबाईले हाय जी, सर. वांदरायची."

शांतीबाई म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. आणि अडचण खरीच होती. बेहडाटोल्याची वांदरं काळ्या तोंडाची, लांब शेपटीची आणि शाळेच्या वेळापत्रकाला पक्की. रविवारी फिरकत नसत. इतर दिवशी वरण उतरलं की भिंतीवर हजर. स्वयंपाकघराला दार म्हणून एक फाटका पडदा. शांतीबाई भाताकडे वळली की एखादं आत शिरायचं आणि वरणाचं भांडं, अख्खं गंजच कलंडवायचं. गेल्या आठवड्यात दोनदा पोरांनी मीठ लावून कोरडा भात खाल्ला होता. पहिलीतल्या काही पोरांचं दिवसातलं तेच धड जेवण होतं. हे आठवलं आणि पेनच्या डब्याचा विचार सरांनी मनातूनही काढून टाकला.

"शाब्बास! करा निरीक्षण," ते म्हणाले. इथेच ते फसले.

पोरांनी निरीक्षण केलं. वांदरं कशाला भितात ते शोधायचं ठरलं. डबा वाजवला, तर ती ऐकत बसली. काठी दाखवली, तर एकानं काठीच नेली. शेवटी असं दिसून आलं की ती फक्त एकाच गोष्टीला भितात. रामटेके सर व्हरांड्यात आले की सगळी झाडावर. मागे एकदा सरांनी घंटा वाजवायचा दांडा हातात घेऊन त्यांचा पार नाल्यापर्यंत पाठलाग केला होता, ते त्यांच्या लक्षात होतं.

मग डिंपलनं सरांचं हेल्मेट घालून पाहिलं. वांदरं हलली नाहीत. म्हणजे हेल्मेट नव्हे. एकानं सरांसारखं ओरडून पाहिलं. तेही नव्हे. "सर ज्या ढंगानं चालते, उभे राह्यते ना, त्यालेच भेते ते," असा वर्गाचा निष्कर्ष निघाला.

सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पोरं हल्ली आपल्याकडे टक लावून पाहतात. आपण चाललो की मागे चालतात. कमरेवर हात ठेवला की काहीतरी लिहून घेतात. सरांना भरून आलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण शिष्यांच्या डोळ्यांत एवढी आस्था कधी दिसली नव्हती. ते मुद्दाम थोडं अधिक भारदस्त चालू लागले. त्यामुळे पोरांना चित्र पुन्हा काढावं लागलं.

शनिवारी डिंपलनं तो कागद टेबलावर पसरला. भला मोठा कार्डशीट. त्यावर एक माणूस, आणि त्याच्या अवयवांना बाण. 'पोट – पुढं. मान – मागं. डावा हात – कमरेवर. उजवा हात – निघ म्हटल्यासारखा. तोंड – रागात. नर्सबाई दिसल्या का साधं.'

"हे काय आहे?"

"आराखडा जी, सर."

"कोणाचा?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून कोणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं, "ओळखू नाई आला का जी?"

सर खुर्चीत बसले. पोट पुढे आलं. ते त्यांनी आत घेतलं. सगळ्या वर्गानं ते आत घेताना पाहिलं.

"हे चालनार नाई!" ते म्हणाले. भाषा गावी गेली होती.

"पण सर, तुमीच सांगतलं," डिंपल म्हणाली, "ज्याच्यासाठी बनवाचं, त्याले विचाराचं. त्याले आवडलं का बनवाचं."

वस्तू वापरणार होती शांतीबाई. तिला बोलावलं. तिनं हात पदराला पुसले, कागद जवळ धरला, लांब धरला, आणि इतकी खूश झाली की सरांना तोंड फिरवावं लागलं. "अगा माय! सरच हायेत!"

मग काम सुरू झालं. खरं सांगायचं तर पुढचे काही दिवस सर आपला अपमान विसरले, कारण पोरं शिकत होती आणि शिकताना दिसत होती. बांबूचा सांगाडा झाला. पोटात धानाची वाळकी तनस भरली. ती पहिल्यांदा कमी पडली, मग पुन्हा भरली. हात हलायला हवा म्हणून कोपराला जुन्या सायकलचा बोल्ट लावला. दोरी नीमाच्या फांदीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेली. पहिल्या चाचणीत दोरी फांदीत अडकली. दुसरीत हात निघून तिसरीच्या वर्गात गेला. मग पोरांनी शिवणयंत्राचं रिकामं रीळ आणून त्याची कप्पी केली, हाताच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून गोटा बांधला, आणि शांतीबाईनं दोन बोटांनी दोरी ओढताच तो हात असा झोकात वर गेला की सरांनी टाळी वाजवली. कप्पी हा शब्द त्यांनी दरवर्षी शिकवला होता, पण ती फिरताना या वर्गात कोणी कधी पाहिली नव्हती.

डोकं म्हणून मडकं, त्यावर लाल रंगवलेलं टोपलं. कपडे मात्र पडद्याखाली झाकलेले होते. त्यानंतरच्या आठवड्यात सोमवारी पडदा सरकला आणि सर दोन पावलं पुढे आले. पुतळ्याच्या अंगात त्यांचा कोशाचा, टसर रेशमाचा शर्ट होता. लग्नसमारंभांसाठी डांबरगोळ्या घालून ठेवलेला.

ते तडक उपकेंद्रात गेले. रचनाबाई एका बाळाचं वजन करत होत्या.

"माझा कोशाचा शर्ट काऊन देला?"

"पोरी मांगाले आल्या होत्या. म्हणे प्रकल्प हाय."

"जुना देता नसता आला?"

"मी तेच म्हटलं. तं त्या म्हणे, जुन्यात सर गरीब दिसतेत, वांदरं भेनार नाई." एवढं बोलून रचनाबाईंनी बाळाचं वजन लिहून घेतलं.

पण पुतळा चालला! वरण उतरलं, वांदरं भिंतीवर आली, शांतीबाईनं दोरी ओढली, सरांचा हात 'निघ' म्हणाला आणि सगळी फौज जंगलात. त्या आठवड्यात एकदाही कोरडा भात झाला नाही. पहिलीतलं एक पोरगं वरणाची तिसरी वाटी घेऊन सरांच्या पुतळ्यासमोर बसून जेवलं. सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मोठेपणाची चव माणसाला अशीच लागते.

मग केवलरामबुवा आले. म्हातारं माणूस, दृष्टी अधू. नातवाच्या दाखल्यासाठी भर दुपारी शाळेत आले, तर सर नीमाखाली उभे. "नमस्कार जी, सर. दाखला पाह्यजे होता." सर बोलेनात. बुवांनी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात शांतीबाईला भिंतीवर शेपटी दिसली आणि तिनं दोरी ओढली. सरांनी बुवांना हात दाखवला. बुवा थोडे मागे सरले आणि परत विनवू लागले. सरांनी परत हात दाखवला. बुवा जे निघाले ते थेट केंद्रप्रमुखांकडे. खरे सर त्या वेळी वर्गात अपूर्णांक शिकवत होते.

केंद्रप्रमुख टिकाराम साहेबांचा फोन आला.

"रामटेके, म्हाताऱ्या माणसाले हात दाखवून हाकलता तुम्ही?"

"नाई जी, साहेब. तो मी नव्हतो."

"मंग कोण होता?"

"म्हणजे... मीच होतो. पण तनसाचा."

"शाळेच्या आवारात पुतळा बसवला?"

"हो जी."

"स्वतःचा?"

संध्याकाळपर्यंत खुलासा मागवणारा कागद आला. 'शासकीय आवारात जिवंत व्यक्तीचा पूर्णाकृती पुतळा विनापरवानगी उभारल्याबाबत.' पुतळा म्हटला की परवानगी आली, परवानगी म्हटली की वरचं कार्यालय आलं. सरांनी कागद तीनदा वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर साधा लेटमार्क नव्हता.

कापगते तलाठी कुंपणावर होतेच. त्यांनी कागद वाचला. "पूर्णाकृती हाय का अर्धाकृती?"

"पाय नाहीत. खाली बांबू हाय."

"मंग अर्धाकृती लिहा. कारवाई निम्मी होईन."

"कोणती कारवाई?"

"ते मले काय माहीत? मी महसूलचा माणूस. बांबू जमिनीत गाडला का?"

"गाडला."

"मंग अतिक्रमण झालं," कापगते समाधानानं म्हणाले. त्यांच्या ओळखीचा गुन्हा निघाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पुतळा म्हटला की त्याला हार हवा, असं गावातल्या कोणा भल्या माणसाला वाटलं आणि त्यानं झेंडूचा हार घातला. हार घातलेले सर कोणीतरी रस्त्यावरून जाता जाता पाहिले. बातमी सौंदडला पोचेपर्यंत सर आजारी होते. सडक अर्जुनीला पोचेपर्यंत गेले होते.

संध्याकाळी दार वाजलं. सरांनी उघडलं. दारात पंधरा-वीस माणसं, पांढऱ्या कपड्यांत, खाली माना घातलेली. सगळ्यांत पुढची बाई हुंदका देत वर पाहते तो समोर सर. ती किंचाळली. सरही किंचाळले. आतून रचनाबाई धावत आल्या, त्यांना पाहून गर्दीतल्या दोन बायका सवयीनं गळ्यात पडल्या आणि रडून मोकळ्या झाल्या. मग सगळ्यांना चहा करावा लागला. जाताना एक गृहस्थ जरा नाराजीनंच म्हणाले, "आमी तं दुकान बंद करून आलो होतो जी."

त्या रात्री सर जेवले नाहीत. माणसं आपल्या मरणाला आली याचा आनंद मानावा, की ती इतक्या लवकर चहावर आली याचं दुःख, हे त्यांना ठरवता येईना.

टिकाराम साहेब स्वतः पाहणीला येणार असा निरोप आला. त्याआधी पुतळा हटलाच पाहिजे. सकाळी पोरांनी तो उतरवला. डिंपलनं कप्पी काढून दप्तरात ठेवली आणि सरांकडे पाहून एवढंच विचारलं, "मंग आज वरणाचं काय जी?"

आज साहेब जेवण चाखणार होते. वांदरं तर येणारच. सरांनी उतरवलेल्या पुतळ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं. आणि त्यांच्यातला तत्त्वाचा माणूस परत एकदा जागा झाला. जिवंत माणसाला उभं राहायला कुठं परवानगी लागते? त्यांनी कोशाचा शर्ट झटकला, तनसासकट अंगात घातला, हेल्मेट चढवलं आणि नीमाखाली जाऊन उभे राहिले. पोट पुढं, मान मागं.

वांदरं भिंतीवर आली. आणि त्याच क्षणी फाटकातून टिकाराम साहेब आले.

"हटवला नाई ना अजून!" साहेब लांबूनच कडाडले. ते तरातरा जवळ आले. सर हलले असते, पण हललं की वांदरं उतरतील अशी धास्ती. साहेबांनी पुतळ्याला एक फेरी घातली. "आदेशाले काही किंमत? अन् पाहा, काय ठासून भरली हाय तनस!" असं म्हणून त्यांनी सरांच्या पोटात बोट खुपसलं.

"नमस्कार जी, साहेब," हेल्मेटमधून आवाज आला.

साहेबांनी जी उडी मारली ती मागच्या मागे. तिथे ताटं धुवायचं पाण्यानं भरलेलं घमेलं होतं, त्यात ते बसले. त्या खणखणाटानं कोणीही पळालं असतं. वांदरं पळाली नाहीत. उलट ती सावकाश खाली उतरली, कारण इतक्या दिवसांत त्यांना एक गोष्ट समजून चुकली होती. या लाल डोक्याच्या माणसात तनस असते, आणि तो जागेवरून हलत नाही.

"हट! हट!" सर ओरडले आणि खरोखरचे धावले. पुढारी वांदरानं थांबून त्यांच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून त्यांच्या बाहीतून बाहेर आलेली तनसाची काडी उपसली, हुंगली आणि टाकून दिली. पाठोपाठ स्वयंपाकघरातून गंज कलंडल्याचा आवाज आला.

सर जागच्या जागी थिजले. नोटिशीनं, मरणाच्या बातमीनं जे झालं नव्हतं ते या काडीनं झालं. या जगात आपल्याला भिणारं एक तरी कोणी होतं, तेही आता उरलं नव्हतं.

टिकाराम साहेबांना हात देऊन उठवलं. मग ओल्या कपड्यांनीच त्यांनी अहवाल लिहिला: 'पाहणीत पुतळा आढळला नाही. शिक्षक आढळले.' आणि त्या दिवशी शाळेतल्या पोरांसोबत त्यांनीही मीठ लावून कोरडा भात खाल्ला. खाताना त्यांनी पहिलीतल्या पोरांच्या ताटांकडे पाहिलं. जाताना म्हणाले, "वांदरायचं काही तरी करा, रामटेके. पण पुतळा नाई."

सर वर्गात गेले. डिंपल आधीच उभी होती.

"चाचणी फेल झाली जी, सर."

"हो," सर म्हणाले.

"मंग पाचव्या पायरीवरून परत पह्यल्या पायरीवर जावं लागते. तुमीच सांगतलं."

या वेळी प्रश्न बदलला. वांदरं कशाला भितात ते सोडून दिलं. त्यांना काय जमत नाही ते पोरांनी पाहायला घेतलं. दोन दिवस भिंतीजवळ डबे, दोऱ्या, झाकणं ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं की वांदर जे हाती येईल ते ओढतं. फक्त ओढतं. उचलून बाजूला सारायचं त्याला सुचत नाही. पोरांनी बांबूचा ताटवा विणला आणि स्वयंपाकघराला सरकतं दार केलं. ते आधी वर उचलायचं, मग बाजूला सारायचं. नुसतं ओढलं तर खाचेत आणखी घट्ट बसायचं.

दार बसलं त्या दिवशी सर पाहणीसाठी आत गेले. शांतीबाई ताटं मांडायला बाहेर होती. सरांच्या मागे ताटवा सरकून खाचेत बसला.

सरांनी तो ओढला. मग जोरात ओढला.

"सर, ओढू नका जी!" खिडकीतून डिंपल म्हणाली.

"माहीत आहे मला," सर पुस्तकी मराठीत म्हणाले आणि पाय भिंतीला लावून ओढू लागले.

वांदरं आली. पुढाऱ्यानं वरणाचा वास घेतला, ताटव्याला दोन्ही हात घातले आणि बाहेरून ओढलं. आतून सर ओढत होते. दार तसूभर हललं नाही. बांबूच्या फटीतून दोघांची नजरानजर झाली. दोघंही घामाघूम. वांदरानं आधी सोडलं आणि ते भिंतीवर जाऊन पाठ करून बसलं.

"पास!" डिंपल वर्गाकडे वळून ओरडली. "सरलेही नाई जमत!"

टाळ्या पडल्या. पोरं ताटं घेऊन खिडकीपाशी रांगेत उभी राहिली.

"उघड ना वो आता, शांतीबाई," सर म्हणाले.

"उघडते जी," शांतीबाई म्हणाली, "पण आता आत हायेतच, तं वाढून टाका. वरण निवून राहिलं."

सरांनी थोडा वेळ पळीकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या सारल्या आणि पहिलीपासून वाढायला सुरुवात केली.